इस्राएलच्या सहलीतील दुसरा शब्बाथ मुलांसोबत कोठे करावा, यरुशलेमला की दिमोनाला?

प्रश्न: खाडीकाठचा (ठाणे)

सर्वांस शालोम.

येत्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आपल्या बेने इस्राएल समाजातील, म्हणजे महाराष्ट्रातील यहुदी समाजातील, चौदा मुलामुलींना घेऊन आम्ही तिघे मोठे दहा दिवसांसाठी इस्राएलला जात आहोत. आठ मुलगे आणि सहा मुली आहेत, सगळी चौदा ते सतरा वर्षांची. बहुतेक जण ठाणे, मुंबई आणि पनवेलचे आहेत आणि एक मुलगा रायगड जिल्ह्यातील अशा गावचा आहे, जिथे आता आपली दोनच घरे उरली आहेत. सहलीत दोन शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस) येतात. पहिला यरुशलेममधील एका युवक-वसतिगृहात ठरलेला असून त्याच दिवशी दुसऱ्या देशांतील यहुदी मुलांचे गटही तेथे उतरणार आहेत. दुसरा अजून मोकळा आहे. तो यरुशलेमलाच करावा की नेगेव वाळवंटातील दिमोना गावी आपल्या माणसांत जाऊन करावा, याविषयी अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

प्रश्न नुसता गावाचा असता तर मी येथे लिहिले नसते. खरी अडचण अशी की आमच्यापैकी बहुतेक मुलांनी पूर्ण शब्बाथ कधी पाळलेलाच नाही. घरी शुक्रवारी दिवे लागतात, किद्दुश (द्राक्षरसावरची प्रार्थना) होतो, जेवणे होतात. पण शनिवारी शाळा असते, अकरावी-बारावीवाल्यांचे क्लास असतात, आणि सिनेगॉगला जायचे म्हटले तरी अनेकांना लोकलनेच जावे लागते. पंचवीस तास फोन नाही, गाडी नाही, लिहिणे नाही, हे ऐकल्यावर पहिल्याच बैठकीत एकाने विचारले की ही सहल आहे की शिक्षा. बाकीचे हसले, पण प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता.

माझ्या मनात भीती आहे ती आधीच्या अनुभवामुळे. तीन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका सहलीबरोबर मदतनीस म्हणून गेलो होतो. दिवस असेच हिवाळ्याचे होते. शुक्रवारी मृत समुद्रावरून निघायला उशीर झाला, रस्त्यात गर्दी लागली आणि आम्ही यरुशलेमला पोचलो तेव्हा दिवे लावण्याची वेळ उलटून गेली होती. मुली ओल्या केसांनी आणि खारट अंगाने तशाच जेवणाच्या दालनात आल्या. दालनात तीन-चारशे माणसे, प्रत्येक गटाचा किद्दुश वेगळ्या वेळी, त्यामुळे आमचा कोणी म्हटला आणि कधी संपला हेच कोणाला कळले नाही. साडेसातला मुले खोल्यांत गेली आणि फोन काढून बसली. दुसऱ्या दिवशी दाराचे कुलूप विजेच्या कार्डाने उघडायचे की नाही यावर दुपारपर्यंत वाद चालू होता. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही; आम्ही त्यांच्यासाठी शब्बाथाची तयारीच केली नव्हती, नुसते वेळापत्रकात नाव लिहिले होते.

आणखी एक गोष्ट. या वेळी आठ मुलगे आणि आम्ही दोन पुरुष मिळून बरोबर दहा भरतो, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषांचे मिन्यान आमचे स्वतःचेच होईल. एकाला ताप आला की मोडले, हा भाग वेगळा. परंतु त्या गावच्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने दोनदा मोजून पाहिले. त्याच्याकडे सणासुदीला मुंबईहून माणसे आली तरच दहा होतात. या दहांचे नेमके काय करावे, हेही कोणी सुचवावे.

उत्तर: दिमोनाची आत्या

शालोम भाऊ. मी मूळची पनवेलची. लग्न झाल्यावर १९७१ साली येथे आले आणि तेव्हापासून नेगेवची वाळू झाडते आहे. दिमोनाला या असेच मी म्हणणार हे उघड आहे, तेव्हा तेवढे वजा करून पुढचे वाचावे.

आधी घड्याळाचे सांगते, कारण तुमचा मागचा शब्बाथ घड्याळानेच बिघडवला. नोव्हेंबरात येथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. बहुतेक गावांत सूर्यास्ताच्या अठरा-वीस मिनिटे आधी दिवे लावतात, पण यरुशलेमची रीत चाळीस मिनिटे आधीची आहे, म्हणजे तेथे चारच्या सुमारास दिवे लागलेले असतात. शहरभर भोंगा वाजतो तो त्यासाठीच. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर हवाई हल्ल्याचा इशारा समजून घाबरतील. शब्बाथचा भोंगा एकसुरी असतो आणि धोक्याचा चढउताराचा असतो. चारला दिवे म्हणजे तीनपर्यंत आंघोळी, म्हणजे दोनपर्यंत खोल्यांत, म्हणजे तुमचा शुक्रवारचा फिरण्याचा दिवस एक वाजता संपला असे धरून चाला. बसचालकालाही आपल्या घरी शब्बाथच्या आत पोचायचे असते. मृत समुद्र बुधवारी करा.

आता आईवडिलांचे. हिवाळ्यात इस्राएलचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तेव्हा येथे अडीच वाजलेले असतात. म्हणजे तुमची मुले आंघोळ उरकून तीन-साडेतीनला घरी फोन लावतील तेव्हा तिकडे आईने दिवे लावून झालेले असणार आणि जी घरे काटेकोर पाळतात ती फोन उचलणार नाहीत. घरी बोलायचे असेल तर दुपारी दीडच्या आत बोलावे. शनिवारी याच्या उलट होते. तिकडे पावणेसातच्या सुमारास शब्बाथ उतरतो आणि आया फोन करू लागतात. येथे तेव्हा सव्वातीनच वाजलेले असतात आणि शब्बाथ उतरायला अजून दोन तास असतात. तुमच्याकडील रात्रीचे नऊ वाजेपर्यंत मुलांनी फोन उचलला नाही म्हणून घाबरू नये, असे निघण्यापूर्वीच सर्व घरी लिहून द्या. गेल्या वेळी एका गटातील एका आईने घाबरून सात ठिकाणी फोन केले होते, त्यातला एक माझ्याकडे होता.

शुक्रवारी रात्री आईवडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मुलग्यांना एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखे होण्याचा, मुलींना सारा, रिबेका, राहेल आणि लेआ यांच्यासारखे होण्याचा, आणि मग गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील तीन ओळी. परदेशात हा हात कोणाचा, असा प्रश्न येतो. आमच्याकडे एकदा आलेल्या गटाने चांगली युक्ती केली होती. प्रत्येक घराकडून बंद पाकिटात एक पत्र आणले होते, आणि दिवे लागल्यावर ती वाटली. शब्बाथला लिहिता येत नाही, वाचता येते. फक्त पाकिटे शब्बाथ लागण्याआधीच फोडून ठेवावीत, म्हणजे कागद फाडण्याचा प्रश्न उरत नाही. पत्र मराठीत असावे. काही मुलांना मराठी वाचायला वेळ लागला, आणि तो वेळ लागणेच मला आवडले.

मुक्कामाविषयी माझा एक आग्रह आहे. अनेक गट आल्याआल्या मुले दोन-दोन करून घरोघर वाटून टाकतात. तसे शुक्रवारी रात्री करू नका. आमची नातवंडे मराठी समजतात, पण उत्तर हिब्रूत देतात, त्यामुळे तुमची मुले ताटाकडे बघत बसतील आणि आमची भिंतीकडे. शुक्रवारची प्रार्थना आणि जेवण सगळ्यांचे एकत्र, सिनेगॉगच्या जवळच्या दालनात करू. झोपायला दोघे-तिघे मिळून पायी जाता येईल अशा घरांत. शनिवारी दुपारचे जेवण मात्र घरोघर, कारण तोवर ओळख झालेली असते आणि मुलांची भूकही धीट होते.

जेवणाची चिंता नको. नारळाच्या दुधातले मटण शुक्रवारी दुपारीच होते आणि विजेच्या तव्यावर राहते. हा तवा शब्बाथपूर्वी लावून ठेवतात आणि मग त्याला हात लावत नाहीत. किद्दुशला काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालून, कुस्करून, गाळून केलेला रस असेल, म्हणजे मुलांना द्राक्षारस चालतो की नाही हा वाद नको. स्वेटर आणा. वाळवंट म्हणजे उकाडा अशी समजूत करून येणारी मुले येथे रात्री कुडकुडतात.

उत्तर: लवंग-वेलची (मुंबई)

मी सोळा वर्षांची असताना अशाच सहलीला गेले होते, आता बावीस वर्षांची आहे. दिमोनाबद्दल आत्यांनी लिहिले ते पटते, म्हणून दुसऱ्या शब्बाथबद्दल मी वाद घालत नाही. माझे म्हणणे असे की तुमची सगळी चिंता दुसऱ्याची आहे आणि पहिलाच जास्त अवघड आहे.

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही मुलांना कोतेलला, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला, नेणार असे गृहीत धरते. तेथे पुरुषांचा आणि स्त्रियांचा भाग वेगळा आहे. तुमचे आठ मुलगे दोन मोठ्यांसह एका बाजूला जातील, गोल करून नाचतील, आणि सहा मुली एकाच बाईंबरोबर दुसऱ्या, बऱ्याच अरुंद बाजूला गर्दीत उभ्या राहतील. आमचे असेच झाले. मुलग्यांना तो दिवस अजून आठवतो. आम्हा मुलींना पर्स सांभाळत भिंतीपर्यंत पोचण्याची धडपड आठवते. दुसऱ्या एका बाई बरोबर घ्या. आणि मुलींनी तेथे काय म्हणायचे, कोणत्या चालीवर म्हणायचे, हे ठाण्यातच ठरवून या, कारण पलीकडचा आवाज ऐकत उभे राहणे म्हणजे शब्बाथचे स्वागत नव्हे. तेथे शब्बाथला छायाचित्रे काढू देत नाहीत, हेही आधी सांगा. आमच्यातल्या एकीला पहारेकऱ्याने सर्वांसमोर हटकले आणि ती पुढचा दिवसभर गप्प होती.

चालींबद्दल थोडे अधिक लिहिते. शब्बाथला नवरी मानून तिचे स्वागत करणारे लेखा दोदी हे गीत सोळाव्या शतकात सफेद येथे श्लोमो अल्काबेत्स यांनी रचले. त्याच्या पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरे जोडली की त्यांचे नाव तयार होते. शब्द जगभर एकच, पण चाली शेकडो. वसतिगृहात आमच्या शेजारच्या मेजांवर दोन देशांचे गट होते आणि ते मेज बडवत, उड्या मारत गात होते. आमच्यातल्या एकीने तिच्या आजीची संथ चाल धरली. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही नेटाने म्हटले, तिसऱ्यात चाल विसरलो आणि नकळत शेजारच्यांच्या चालीत शिरलो. त्यांना वाटले, आम्ही त्यांना साथ देत आहोत. तेव्हा एक चाल, एकच, पण शेवटच्या कडव्यापर्यंत, जिथे सगळे दाराकडे वळतात तिथपर्यंत, पक्की करून न्या.

त्याच मेजावर मला विचारले गेले, "तुम्ही यहुदी कधी झालात?" विचारणारी मुलगी वाईट नव्हती, तिला खरोखर ठाऊक नव्हते. मलाही नीट सांगता आले नाही. मी आपले पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागल्याची गोष्ट सुरू केली आणि ती कोणत्या शतकातली यावर अडले. आपल्या मुलांना याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत देता आले पाहिजे, आणि ते देताना आवाज कापू नये.

आता फोन. आमचे फोन पिशवीत गोळा केले होते. परिणाम असा की पंचवीस तास सगळ्यांच्या मनात ती पिशवीच होती, आणि एकाकडे दुसरा फोन होता हे रविवारी कळले. मला वाटते, गुरुवारी रात्री मुलांनाच बसवून ठरवू द्यावे. परंतु त्याआधी प्रत्येकाला साधे मनगटी घड्याळ आणायला सांगा. हे कोणाच्या लक्षात येत नाही. फोन ठेवला की सोळा वर्षांच्या मुलाला किती वाजले हेच कळत नाही, सकाळी कोणाला जाग येत नाही, आणि मग वेळ पाहण्याच्या निमित्ताने फोन बाहेर येतो आणि आत जात नाही.

शनिवारची दुपार लांब वाटते. आम्ही गाण्याच्या भेंड्या खेळलो. गुण लिहिता येत नव्हते म्हणून बदाम मांडले. हरणाऱ्या गटाने बदाम खाल्ल्यामुळे निकाल लागला नाही.

उत्तर: शनवार तेली (पुणे)

वरील दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत. मी फक्त दोन बाबींविषयी लिहितो: त्या मुलीला विचारला गेलेला प्रश्न, आणि ते दहा जण.

कधी झालात, या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या नावातच आहे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. हिब्रूचे ज्ञान फारसे उरले नव्हते, प्रार्थनांपैकी शेमा तेवढी तोंडी होती, तरी शनिवार उरला होता. दहा आज्ञांतील शब्बाथची आज्ञा माणसाबरोबर त्याच्या जनावरालाही विसावा द्यायला सांगते, म्हणजे घाण्याचा बैलही त्या दिवशी मोकळा. फोन बंद ठेवण्याचे मुलांना कसे समजावावे याची काळजी वाटत असेल तर हा बैल सांगावा. बंदीची यादी वाचून दाखवून मुले जेवढी समजतील त्याहून अधिक त्यांना यातून समजेल, असा माझा शिकवणीचा अनुभव आहे. त्यामुळे फोनचा निर्णय मुलांवर सोडण्याचे लवंग-वेलचींचे मत मला तितकेसे मान्य नाही. बैलाला कोणी मत विचारले नव्हते. तरी पिशवीत गोळा करू नयेत, हे मान्य.

त्यापुढील इतिहासही मुलांना ठाऊक असावा, कारण तो दिमोनाला गेल्यावर घरोघर ऐकायला मिळेल. १९४८ नंतर आपले हजारो लोक इस्राएलला गेले. साठच्या दशकाच्या आरंभी तेथील मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएल लोकांच्या विवाहांत पूर्वजांची चौकशी करावी असे निर्देश दिले. आपल्या लोकांनी त्याविरुद्ध यरुशलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असा ठराव केला. आत्यांच्या पिढीतील पुष्कळांनी हे जवळून पाहिले आहे. शेजारच्या मेजावरील मुलीला हे सगळे सांगण्याची गरज नाही. स्वतःला ठाऊक असले की आवाज कापत नाही.

आता दहा जणांविषयी. पहिल्या शब्बाथला यरुशलेममध्ये मिन्यानची वाण नाही. चार पावलांवर सिनेगॉग आहे आणि तेथे तुमच्या मुलांना कोणी मोजणारही नाही. म्हणून तेथे मोजू नका. दिमोनालाही आपल्या सिनेगॉगमध्ये शंभर माणसे असतील. परंतु शनिवारी दुपारची मिन्हा ही लहान प्रार्थना आहे. ती मुलांची मुलांनी, त्या दालनात, तुमच्या दहांत करावी, आणि तो गावचा मुलगा पुढे उभा राहील असे पाहावे. मिन्हाला तोरावर, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या वाचनाला, तीनच जणांना बोलावतात, वाचनही पुढच्या आठवड्याच्या परशाच्या (ठरलेल्या भागाच्या) आरंभाचे, थोडेसेच असते. दोन महिन्यांत त्याची तयारी होऊ शकते. त्या दिवसांत उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहाम, इसहाक, याकोब यांचे परशे चालू असतात, म्हणजे कथाही ओळखीच्या. तोराची गुंडाळी दिमोनाच्या मंडळींकडून मिळेल की नाही, याची चौकशी आत्यांनी करावी. मुलींनाही रिकामे बसवू नका; हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी, त्यांच्याकडे द्या.

प्रार्थना संपल्यावर आपल्याकडील रीत मुलांना आवर्जून करायला लावा: दोन्ही हात पुढे करून समोरच्याचे हात स्पर्शायचे आणि मग आपली बोटे ओठांना लावायची. ठाण्याच्या शाआर हश्शामाईममध्ये, ते १८७९ चे सिनेगॉग आहे, मी लहानपणी वयस्क मंडळींना ओळीने असे करत जाताना पाहिले आहे. हल्ली मुले हात हलवून मोकळी होतात.

आणि हामोत्सीला, म्हणजे जेवणाआधी पावावर म्हणायच्या आशीर्वादाला, चपात्या चालतील का, असे कोणी विचारील म्हणून लिहितो. गव्हाच्या चालतात, दोन अखंड असाव्यात, कारण रानात पूर्वजांना आकाशातून मिळणारे अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट मिळत असे त्याची ती आठवण आहे. तांदळाच्या भाकरीवर मात्र हामोत्सी म्हणता येत नाही, हे कोकणातल्या माणसाला कितीही कठीण वाटले तरी.

उत्तर: पांढरी टोपी (नाशिक)

मी परिचारिका आहे आणि दोन वेळा मुलांच्या सहलीबरोबर गेले आहे. थोडक्यात लिहिते.

सोबतच्या मोठ्यांपैकी एकाचा फोन शब्बाथभर चालू आणि जवळ असलाच पाहिजे. जिवाला धोका असेल तेथे शब्बाथ बाजूला ठेवण्याची आज्ञाच आहे, त्याला पिकुआख नेफेश म्हणतात, आणि इस्राएलमधील रुग्णवाहिका व रुग्णालये शब्बाथलाही त्याच नियमाने चालतात. दम्याच्या मुलाने औषधाचा फवारा घ्यायचा की नाही, मधुमेह असलेल्या मुलीने साखर मोजायची की नाही, असले प्रश्न मुलांच्या मनात उरू देऊ नका. मी अशी एक मुलगी पाहिली आहे जी शब्बाथ मोडेल म्हणून चक्कर येत असल्याचे सांगत नव्हती. गुरुवारीच सर्वांना एकत्र बसवून स्पष्ट सांगा की अंगाला काही झाले तर ताबडतोब मोठ्यांना उठवायचे, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

वसतिगृहात आधी कळवल्यास विजेच्या कार्डाऐवजी साधी किल्ली किंवा दुसरी काही सोय मिळते का, ते विचारा. उंचावरच्या खोल्या घेऊ नका. मुलींच्या खोल्या आणि सोबतच्या बाईंची खोली एकाच मजल्यावर असावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: खाडीकाठचा (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पालकांची बैठक घेतली आणि ही उत्तरे वाचून दाखवली.

दुसरा शब्बाथ दिमोनाला करायचे ठरले. शुक्रवारचे जेवण एकत्र, शनिवारचे घरोघर, आत्यांनी म्हटले तसे. मृत समुद्र बुधवारी हलवला आहे. एका मुलीच्या मावशी चौथ्या मोठ्या म्हणून येण्यास तयार झाल्या आहेत, त्यामुळे कोतेलला मुलींबरोबर दोघी असतील. पत्रांची कल्पना सांगितली तेव्हा काही वडिलांनी संदेश टाइप करून छापून दिला तर चालेल का असे विचारले. आया नको म्हणाल्या.

फोनविषयी मुलांशी बोललो. बैलाची गोष्ट सांगितली. ज्याने सहल की शिक्षा असे विचारले होते, त्याने आता विचारले की बैलाला रविवारी दुप्पट काम पडत असेल का. मला उत्तर देता आले नाही. शेवटी असे ठरले की यरुशलेमच्या शब्बाथला फोन खोलीतील कपाटात ठेवायचे, कुलूप नाही, गोळा करणे नाही. आणि कसे गेले ते रविवारी बसून बोलायचे, मग दिमोनाचे ठरवायचे. शनवार तेली यांना हे अर्धवट वाटेल, याची कल्पना आहे. मनगटी घड्याळे मात्र सर्वांनी कबूल केली आहेत, दोघांना आजोबांची मिळाली.

त्या गावच्या मुलाला मिन्हाविषयी विचारले. तो लगेच हो म्हणाला नाही. घरी जाऊन त्याने रात्री आजोबांच्या फोनवरून एवढेच विचारले की परशाचे वाचन शिकवायला ठाण्याला कोणत्या दिवशी यायचे. मंगळवार ठरला आहे.

आत्या, दोन प्रश्न उरले. तोराच्या गुंडाळीचे काय झाले? आणि शनिवारी रात्री हवदालानंतर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करावा असे मुलांच्या आजींचे म्हणणे आहे. हवदालाला एलियाहूचे गाणे म्हणतोच, तर तो योग्य आहे असे मलाही वाटते. त्यासाठी पोहे, मनुका वगैरे येथून आणावेत का?

उत्तर: दिमोनाची आत्या

गुंडाळी मिळेल. आमच्या सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्या शमाश काकांना विचारले, ते म्हणाले की मुलगा चुकला तर मी शेजारी उभा राहून सांगेन, पण आधी सांगणार नाही.

पोहे, खोबरे, मनुका, वेलची, सगळे येथे आपल्या दुकानांत मिळते, सामानाचे ओझे वाढवू नका. मलिद्याला पाच फळे लागतील तीही बाजारात आहेत. शब्बाथ साडेपाचच्या आत उतरतो, म्हणजे हवदाला, मलिदा आणि जेवण होऊनही मुलांना गावात फिरायला रात्र मोकळी राहते.

तुम्ही आता चौघे मोठे, म्हणजे अठरा पाने झाली. कोणाला मटण चालत नसेल किंवा आणखी कोणी वाढले असेल तर बुधवारपर्यंत कळवा, म्हणजे चपात्यांच्या पिठाचा अंदाज बांधता येईल.